जुना रोटाव्हेटर: दुरुस्त करायचा की भंगारात घालायचा?

रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार, जुना झाला की मालकाची नजर आधी पात्यांवर जाते. पाती झिजून खुरप्यासारखी झालेली, मागचा पत्रा सडलेला, गिअर बॉक्सवर तेल-मातीचा थर. मग ‘याच्यात आता काही राहिलं नाही’ असा निकाल उभ्या उभ्याच लागतो. कधी उलटही घडतं. नवी पाती बसतात, रंगाचा हात फिरतो, आणि दहा एकर व्हायच्या आत साइड गिअर (पाती फिरवणारा बाजूचा गिअर) बसतो. दोन्हीकडे चूक एकच, पात्यांवरून निर्णय घेतला. पाती हा डिझेलसारखा चालू खर्च आहे, जमिनीप्रमाणे साधारण ८० ते २०० तासांत ती संपणारच. निर्णय घ्यायचा तो तीन गोष्टींवरून: रोटरचा (पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याचा) पाइप सरळ आहे का, बेअरिंगची घरं (बेअरिंग ज्यांत बसतं त्या खोबणी) शाबूत आहेत का, आणि चेसी (सांगाडा) पिळली आहे का. या तिन्ही धड असतील तर बाकी सगळं बाजारात मिळतं.

तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये करा. मे महिन्यात गॅरेजवाल्याला श्वास घ्यायला फुरसत नसते, लेथवर आठ-आठ दिवसांची रांग असते, आणि घाईत ‘आत्तापुरतं चालवून देतो’ अशीच दुरुस्ती पदरात पडते.

आधी रोटाव्हेटर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढा. पाण्याचा झोत ब्रीदर (डब्यातली हवा बाहेर सोडणारी छोटी तोटी) आणि सीलवर (तेल अडवणाऱ्या रबरी कडीवर) सरळ मारू नका. रोटरला गुंडाळलेलं पाचट, सुतळी, ठिबकच्या नळ्या कोयत्याने कापून काढा. मग ट्रॅक्टरने उचलून चेसीच्या दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे द्या आणि रोटाव्हेटर त्यांच्यावर टेकवा. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरचा जोर अवजाराला देणारा दांडा) सोडलेला. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालू नये. जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट कधी बसेल याचा नेम नसतो.

रोटर आणि चेसी

पाइपला जेमतेम लागेल अशी एक सळई बाजूच्या पत्र्याला क्लॅम्पने पक्की करा. फ्लँजला (पाती बोल्टने बसतात त्या चकतीला) नव्हे, पाइपलाच. आता पहारीने रोटर सावकाश एक पूर्ण वेढा फिरवा आणि सळई व पाइपमधली फट कुठे किती होते ते मोजा. हे माप मध्यावर आणि दोन्ही टोकांजवळ घ्या. कमाल आणि किमान फटीत ३ मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर काम चालतं. ५-६ मिलिमीटरच्या पुढे गेला तर रोटर वाकला आहे, आणि हजार नवी बेअरिंग टाकली तरी ती टिकणार नाहीत. तापवून, दाबून सरळ केलेला रोटर थोड्याच दिवसांत पुन्हा कल धरतो, शिवाय तापवलेल्या जागी पाइप नरम पडतो. वाकलेल्या रोटरला नवा रोटर हाच इलाज, आणि दुरुस्तीच्या यादीतली ही सर्वात जड वस्तू.

मग फ्लँजची भोकं पाहा. पात्याचा बोल्ट ढिला असताना काम केलं की भोक गोल राहत नाही, अंड्यासारखं होतं. अशी दोन-चार भोकं भरून, घासून पुन्हा पाडता येतात. पण एक-तृतीयांशाहून जास्त फ्लँजची ही गत असेल तर प्रत्येक हंगामात बोल्ट गळत राहतील, तेव्हा तो रोटर वाकलेल्या रोटरइतकाच बाद धरा.

चेसी मोजायला सपाट फरशी आणि एक टेप पुरतो. चारी कोपऱ्यांवर खडूने खुणा करून दोन्ही कर्ण मोजा. फरक ५ मिलिमीटरच्या आत हवा. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमधलं अंतर रोटरच्या पुढून आणि मागून मोजा, तेही सारखंच आलं पाहिजे. बांधावर किंवा झाडाच्या खोडावर आपटलेला रोटाव्हेटर वरून साजरा दिसतो, पण आतून पिळलेला असतो. असं यंत्र बेअरिंग खातं. वर्षाआड एकाच बाजूचं बेअरिंग जात असेल तर बेअरिंगच्या कंपनीला शिव्या देण्याआधी हे माप घ्या.

तडे शोधायचे ते खालच्या लिंकच्या पिनांच्या पट्ट्यांजवळ, वरच्या ए-फ्रेमच्या पायाशी आणि गिअर बॉक्सच्या बैठकीभोवती. गंजाची बारीक लाल रेघ दिसली की तिथला रंग घासून पाहा. पट्टीतला तडा वेल्डिंगने नीट भरता येतो. चेसीच्या मुख्य पाइपला आडवा तडा असेल आणि चेसीही पिळलेली असेल, तर इथेच थांबा. पुढची तपासणी भंगाराचा भाव ठरवण्यापुरतीच.

साइड गिअर: बहुतेक रोटाव्हेटर इथेच मरतात

साइड गिअरच्या डब्याचं खालचं टोक मातीत चालतं. रोटरच्या त्या टोकाला तार किंवा सुतळी गुंडाळली की ती सीलखाली शिरते, ओठ कापते, आणि तेल थेंबाथेंबाने जमिनीत जातं. वरून काही कळत नाही. कळतं तेव्हा खालचं बेअरिंग निळं पडलेलं असतं.

तेल काढताना खालचा बोल्ट सोडून ते स्वच्छ पातेल्यात घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तेलात चुंबक फिरवा. बारीक करड्या चिखलासारखी भुकटी चिकटली तर ती रोजची झीज. चकचकीत कपचे निघाले तर दात किंवा बेअरिंगचा पिंजरा तुटलाय, डबा उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. तेलच निघालं नाही, तर कोरड्यात किती तास चाललं असेल याचा अंदाज करून डबा उघडाच.

आता रोटरच्या टोकाखाली पहार घालून वर-खाली हलवा. हाताला खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. तो खर्च मोठा नाही. खरा प्रश्न बेअरिंगच्या घराचा आहे. बेअरिंग काढल्यावर त्याची बाहेरची कडी आणि घराची आतली बाजू आरशासारखी चकाकत असेल तर कडी घरात फिरली आहे. नवं बेअरिंग हाताने सुळकन बसत असेल तर घर मोठं झालं. काही मिस्त्री घराला आतून पंचाचे ठोके मारून बेअरिंग ‘घट्ट’ करून देतात. ते ठोके आठ दिवसांत सपाट होतात. लेथवर घर मोठं करून त्यात बुश बसवणं हा टिकाऊ मार्ग. घराच्या भिंतीला तडा असेल तर मात्र डबाच बदला. ओतीव लोखंडाच्या वेल्डिंगला निकेल रॉड आणि आधी सावकाश तापवणं लागतं, आणि इतकं करूनही बेअरिंगखाली ते वेल्डिंग टिकेल याची खात्री कुणी देत नाही.

रोटरच्या टोकाचा स्टब शाफ्ट (बेअरिंगमध्ये फिरणारा आखूड दांडा) हाही पाहा. बऱ्याच रोटाव्हेटरमध्ये तो बोल्टने बसवलेला असतो, म्हणजे झिजला तर सुटा बदलता येतो.

नवं सील बसवूनही आठवड्यात पुन्हा गळायला लागतं, ही तक्रार नेहमीची. त्याची कारणं बहुतेक दोन असतात. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडलेली असते आणि नव्या सीलचा ओठ त्याच खाचेत बसतो. नख फिरवलं तर खाच लागते. सील दोन मिलिमीटर आत-बाहेर बसवता येत असेल तर तसं करा, नाहीतर शाफ्टवर स्लीव्ह (पातळ नळी) चढवा. दुसरं कारण ब्रीदर. तो मातीने बुजला की गरम झालेल्या डब्यातली हवा बाहेर पडायला वाट शोधते आणि सीलमधून तेल ढकलते. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवायला पाच मिनिटं लागतात, तरी हे काम फारसं कुणी करत नाही.

गळतीवर उपाय म्हणून तेलाऐवजी ग्रीस भरायची पद्धत गावोगावी आहे. ती टाळा. गिअर ग्रीसला बाजूला फेकतो, ते कडेला चिकटून बसतं, परत दातांवर येत नाही, आणि वरचं बेअरिंग कोरडं पडतं. गळती थांबते खरी, पण गिअरही संपतो. इथे ईपी ९० गिअर ऑइलच हवं, लेव्हल बोल्टच्या भोकापर्यंत. त्याहून जास्त नको, जास्तीचं तेल फेसाळतं आणि गरम होतं.

चेन असलेला जुना रोटाव्हेटर असेल तर चेन ताणली आहे का आणि टेन्शनरला अजून जागा उरली आहे का, एवढं पाहा. चेन आणि दोन्ही चक्रं एकत्रच बदलावीत.

मधला गिअर बॉक्स

रोटर पहारीने अडवून धरा आणि पीटीओचा शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवा. थोडा मोकळा खेळ असतोच. जवळच्या शोरूममध्ये तशाच मॉडेलच्या नव्या रोटाव्हेटरचा खेळ एकदा हाताने अनुभवून या, मग आपल्यातला किती जास्त आहे ते शब्दांशिवाय कळेल. वरचं झाकण काढून टॉर्चने क्राउनचे (मोठ्या दातेरी चक्राचे) दात पाहा. टोकाकडे एकसारखी चमक असेल तर ठीक. दातांवर खड्डे पडले असतील किंवा कडा तुटल्या असतील तर क्राउन आणि पिनियन (त्याला फिरवणारं लहान चक्र) जोडीनेच घ्यावे लागतील. जुन्या क्राउनवर नवं पिनियन बसवून पैसे वाचत नाहीत, दोघंही एकमेकांना खातात. बसवताना शिम (पातळ चकत्या) लावून दातांचा संपर्क रंगाने तपासणारा मिस्त्रीच गाठा. ‘अंदाजाने बसवतो’ म्हणणारा स्वस्त असतो, पण महिन्याभरात तुम्ही पुन्हा त्याच्याच दारात उभे राहता.

ट्रॅक्टरचं काय?

दुरुस्ती की नवा, हा हिशेब नुसत्या अवजाराचा नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या पीटीओच्या सहा खाचा झिजल्या असतील तर नव्या शाफ्टचं योक (टोकाचा जोड) त्याच खाऊन टाकतील. योक घालून आजूबाजूला हलवा, कडकड वाजलं तर आधी तो खर्च यादीत घ्या. पीटीओ शाफ्टचे दोन्ही क्रॉस (योक जोडणारे अधिक-चिन्हासारखे सांधे) हाताने पिळून पाहा. सरकणाऱ्या दोन नळ्या काम करताना निदान एक-तृतीयांश लांबी एकमेकींत असल्या पाहिजेत, आणि आतल्या दोन्ही बाजूंचे योक एकाच रेषेत. वेल्डिंगवाल्याने नळी कापून जोडताना योक वाकडे लावले की सगळं यंत्र थरथरतं, आणि मालक पात्यांचा तोल शोधत बसतो.

सेफ्टी बोल्ट कंपनीने दिलेल्या प्रतीचाच घाला. तो तुटावा म्हणूनच असतो. वारंवार तुटतो म्हणून हाय टेन्साइल बोल्ट टाकला तर दगड लागल्यावर तुटेल तो क्राउन.

आणखी एक बाब नवा घेण्याच्या नादात विसरली जाते. आजचे बरेच सहा फुटी रोटाव्हेटर ४५-५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर धरून बनवलेले असतात. तुमचा ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षांचा ३५-४० अश्वशक्तीचा असेल, इंजिनात तेल जळत असेल, लिफ्ट हळूहळू बसत असेल, तर नवा जड रोटाव्हेटर त्याला पेलवणार नाही. तिथे जुना पाच फुटी दुरुस्त करणं जास्त शहाणपणाचं. एकच क्लच असलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबल्यावरही फिरणाऱ्या रोटरचा जोर पीटीओमधून गिअर बॉक्सकडे उलटा येतो आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. रोटर जितका जड तितका धक्का मोठा. पीटीओला ओव्हररनिंग क्लच (जोर एकाच दिशेने जाऊ देणारा) बसवून घेतला तर हा धोका टळतो.

सडलेला पत्रा

सगळ्यात वाईट दिसतो तो पत्रा, आणि निर्णयात त्याचं वजन सगळ्यात कमी. हातोडीने ठोकत जा, टणटण आवाज आला तर ठीक, भदभद आला तर तिथे पत्रा पातळ झालाय. पातळ कडेवर वेल्डिंग करू नका, भोक पडत जातं. सडलेला भाग शाबूत धातूपर्यंत कापून काढा आणि ३ ते ४ मिलिमीटर जाडीचा ठिगळ पत्रा लावा. २.५ मिलिमीटरचा ६०१३ रॉड, ७० ते ९० अँपिअर. सलग टाका न मारता इंचभर इकडे, इंचभर तिकडे असं करत जा, म्हणजे पत्रा वळत नाही. चेसीच्या तड्याला मात्र वेगळी पद्धत: तड्याच्या दोन्ही टोकांना ४ मिलिमीटरचं भोक पाडा, ग्राइंडरने व्ही आकाराची खाच करा, ३.१५ मिलिमीटरचा कोरडा ७०१८ रॉड १०० ते १२० अँपिअरवर वापरा आणि वरून पट्टी मारा. टोकाची भोकं विसरलात तर तडा वेल्डिंगच्या पलीकडून पुढे निघतो.

वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. ती रोटरला लावून चेसीवर वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर ठिपके पडतात, आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवसापासून गुरगुरतं. रोटाव्हेटर ट्रॅक्टरला जोडलेला असेल तर बॅटरीच्या वायरी सोडा.

कागदावरचा हिशेब

आकडे तुमच्या तालुक्याच्या बाजारातले घाला, पद्धत ही. समजा नव्या सहा फुटी रोटाव्हेटरची किंमत १,२०,००० रुपये आहे. दुरुस्तीची यादी अशी आली: ४२ पाती ६,३००, त्यांचे ८४ नट-बोल्ट १,०००, तेल १,५००, सील-बेअरिंग ४,०००, क्रॉस १,०००, लेथ ३,०००, वेल्डिंग ३,०००. एकूण १९,८००. यातून पाती, बोल्ट आणि तेल वजा करा, कारण नवा घेतलात तरी एक-दोन हंगामांत तो खर्च येणारच. खरी दुरुस्ती ११,००० ची.

दुसऱ्या बाजूला, सहा फुटी रोटाव्हेटरचं वजन साधारण ४०० ते ४५० किलो. किलोला ३० रुपये भाव धरला तर ४०० किलोचे १२,००० येतील. म्हणजे नव्यासाठी खिशातून जाणार १,०८,०००. खरी दुरुस्ती याच्या पावपटीच्या आत असेल तर विचार करत बसू नका, करून टाका. ४० टक्क्यांच्या वर गेली तर सोडा. मधल्या पट्ट्यात असेल तर वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी एकीतही दोष असल्यास सोडा, नसल्यास करा. क्राउन-पिनियन आणि रोटर दोन्ही बदलायची वेळ आली की हिशेब सहसा चाळिशीच्या पुढे जातो.

एकर कमी असतील तर तिसरी वाटही तपासा. समजा ८ एकर शेत, वर्षातून दोनदा, म्हणजे १६ एकराचं काम. गावात भाडं एकरी १,५०० आणि स्वतःचं डिझेल एकरी ४५० धरलं, तर स्वतःच्या यंत्राने एकरी १,०५०, वर्षाला १६,८०० वाचतात. वरची ११,००० ची खरी दुरुस्ती पहिल्याच वर्षी फिटते. नवा फिटायला सहा वर्षांच्या वर लागतात, तेही दुसऱ्यांच्या शेतात भाड्याने चालवला नाही तर. सहा फुटी रोटाव्हेटर तासाला एकरभर जमीन करतो, तेव्हा भाड्याची कामं घेणाऱ्याचा हिशेब अर्थातच वेगळा. त्याला मे महिन्यातला एक बंद दिवसही महाग पडतो, आणि जुनं यंत्र नेमकं तेव्हाच बंद पडतं.

नव्याकडे कल असेल तर आधी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान आहे, पण ठरलेल्या कमाल रकमेच्या आत. पूर्वसंमती मिळण्याआधी बिल केलं तर अनुदान जातं. पूर्वसंमती येईपर्यंतचा हंगाम जुन्यावरच काढायचा असेल तर फक्त सील, तेल आणि पाती बदला. लेथ आणि वेल्डिंगचा खर्च त्यात घालू नका.

करायचं ठरलं तर

क्रम महत्त्वाचा. आधी चेसीचं वेल्डिंग, मग लेथकाम, मग बेअरिंग-सील, शेवटी पाती. सहा फुटी रोटरला बहुधा सात फ्लँज आणि प्रत्येकावर सहा पाती असतात. पाच फुटीला ३६, सात फुटीला ४८. डावी-उजवी पाती सारख्या संख्येने घ्या. कडेच्या फ्लँजवरची पाती आतल्या बाजूला वळलेली हवीत, नाहीतर ती बाजूच्या पत्र्याला घासतात. जुनी पाती सोडण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, मांडणीचा फिरता वेढा चुकत नाही. धारेची बाजू आधी मातीत शिरली पाहिजे. पाती उलटी बसली तर रोटाव्हेटर उड्या मारतो आणि ट्रॅक्टरला पुढे रेटतो. अर्धीच पाती बदलायची असतील तर समोरासमोरच्या जोड्यांनी बदला. रुंदी निम्म्यावर आलेलं पातं ठेवू नका. झिजलेल्या पात्यावर वेल्डिंगने लोखंड चढवू नका. बोरॉन स्टीलचं कडक केलेलं पातं तापलं की टाक्याशेजारी ठिसूळ होतं, आणि तुटलेला तुकडा गोफणगुंड्यासारखा सुटतो.

पहिली चाचणी हवेत करा. मागे कुणी उभं नको, मागचा पत्रा खाली असू द्या. इंजिन मंद ठेवून पाच मिनिटं, मग हळूहळू पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर. थरथर वाढत गेली तर थांबवा आणि आधी योकची रेषा, मग पाती पाहा. नंतर शेतात चार इंच खोलीवर अर्धा तास चालवून बंद करा. गिअर बॉक्स आणि साइड गिअरवर हात ठेवा. गरम लागणारच, पण दोन-तीन सेकंदही हात टेकवत नसेल तर तेल कमी-जास्त आहे किंवा बेअरिंग जास्त आवळलं गेलंय. पहिल्या एकरानंतर पात्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या रंगावर बसलेले बोल्ट रंग दबला की हमखास ढिले होतात.

सोडायचं ठरलं तर

अख्खा रोटाव्हेटर किलोच्या भावाने देऊ नका. पीटीओ शाफ्ट, धड क्राउन-पिनियन, शाबूत साइड डबा, लिंकच्या पिना आणि सुस्थितीतली पाती आधी सोडवून घ्या. तालुक्याच्या गॅरेजमध्ये त्याच मॉडेलच्या मालकाला ती भंगाराच्या कितीतरी पट भावात हवी असतात. गिअर ऑइल आधीच काढून डब्यात भरा, भंगारवाला ते तुमच्याच अंगणात ओतून जाईल.